उष्टी फुंकणी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींना आणि सासूबाईंना नमस्कार, आणि तुझ्या मांडीवरच्या महाराणीला लांबूनच एक पापा.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. उचललास तरी मध्येच ठेवून देतेस. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील, कारण हातात घेतलेलं अर्धवट सोडायची तुला सवय नाही.

इकडे सगळं छान आहे. कारखान्याची भट्टी नव्याने बांधून झाली आणि काल तिच्यावर पहिली मोठी वस्तू काढली. एका नाट्यगृहाच्या जिन्यावर टांगायचा दिव्याचा गोळा आहे, माझ्या मिठीत मावणार नाही एवढा. एवढी मोठी काच फुंकायची म्हणजे भिंत कुठेतरी पातळ पडतेच, पण माझी पडली नाही. म्हाताऱ्या उस्तादांनी नखाने टिचकी मारून कान लावला आणि म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून बरं आहे म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. त्यांच्यानंतर या कारखान्याची मुख्य कारागीर मी झाले, आणि माझ्याआधी ही जागा एकाही बाईला मिळाली नव्हती. हे मी तुला चौथ्यांदा सांगते आहे. पाचव्यांदाही सांगेन.

परवाचं म्हणशील तर मला सर्दी होती. एवढ्याशा बाळाला ती नको म्हणून तिला घेतलं नाही. तू त्याचा भलताच अर्थ काढलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "मला मूल झालेलं तुला बघवत नाही." ताई, ते शब्द परत घे. सर्दी गेली की मी येतेच.

तब्येतीला जप, जागरणं फार करू नकोस.

तुझी धाकटी

---

२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही, पण भावोजींचा फोन आला. माझं पत्र वाचून तू म्हणालीस म्हणे, "नाक तर कोरडं ठणठणीत होतं तिचं." बरोबर आहे. लहानपणापासून तुला माझी एकही थाप पचली नाही, ही तरी कशी पचेल.

मला सर्दी नव्हती. मला हर्पिस झाला असेल आणि तो माझ्याकडून तुझ्या मुलीला लागेल, अशी भीती होती. घे, लिहून टाकलं. आता सावकाश सांगते. तू पत्र सासूबाईंच्या हाती लागू देऊ नकोस, एवढंच.

आमची भट्टी बांधायला बाहेरगावचा एक गवंडी आला होता. आतली कमान तो एकटा लावायचा. वीट हातात तोलायचा, फिरवायचा आणि एकदा ठेवली की पुन्हा हात लावायचा नाही. स्वतःच्या कामावर एवढा विश्वास असलेला माणूस मला नेहमीच आवडतो, त्याला मी तरी काय करू. काम संपलं त्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेले. मी गेले, त्याने नेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू त्याला लगेच खलनायक करून मोकळी होशील. लग्नाबिग्नाचं बोलणं नव्हतं आणि दोघांनाही ते नको होतं. काळजी घेतली होती का, हा तुझा पुढचा प्रश्न. घेतली होती. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या पुढच्या कामावर गेला.

मग काही दिवसांनी त्याचा फोन आला. त्याला खाली फोड आले होते आणि डॉक्टरांनी हर्पिस सांगितला होता. "कधीपासून अंगात होता मला माहीत नाही. पण तुला सांगायलाच हवं. तपासून घे," म्हणाला. सांगितलं नसतं तरी कोण विचारायला जाणार होतं त्याला. म्हणून सांगते, माणूस सभ्य आहे.

मी फोन ठेवला आणि मोबाइलवर वाचत बसले. तिथेच घोळ झाला. वाचता वाचता एका ठिकाणी आलं की मोठ्या माणसाला हा आजार त्रास देतो, पण नवजात बाळाला लागला तर जिवावर बेतू शकतं. आणि दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या खोलीत उभी होते. तू दुपट्यात गुंडाळलेली ती माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "घे, बघ किती हलकी आहे." मी हात मागे घेतले.

ताई, या मुलीसाठी तू सात वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्यास. इंजेक्शनं टोचून घेतलेलं तुझं पोट मी पाहिलं आहे, दोनदा तू रिकाम्या हाताने घरी आलीस तेव्हा तुझ्या उशाशी मी होते. तिला माझ्यामुळे काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? मला ती बघवत नव्हती हे खरं आहे. इतकी हवीहवीशी वाटत होती की बघवत नव्हती.

सांगितलं का नाहीस, म्हणशील. सासूबाई तिथेच बसल्या होत्या हे एक. आणि दुसरं म्हणजे मी मुख्य कारागीर म्हणून मिरवत आले होते, आल्या आल्या मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. गर्विष्ठ म्हण हवं तर.

आता कारखान्यातली गंमत ऐक. गंमत आज म्हणते, तेव्हा जीव टांगणीला लागला होता.

आमच्याकडे काच फुंकायची ती लांब लोखंडी फुंकणीने. भट्टीतून काचेचा गोळा उचलणारा पहिली फुंक देतो आणि फुंकणी पुढच्याच्या हातात जाते. मोठं काम असलं की मी बाकावर बसून आकार देते आणि दुसरा कोणीतरी फुंकत असतो, मग मी, मग पुन्हा तो. एकच फुंकणी सगळ्यांच्या तोंडी. आणि या कारखान्याची रीत अशी की फुंकणी पुसायची नाही. समोरच्याचं उष्टं पुसलंस तर तू त्याला परका मानलंस. मी नवीन होते तेव्हा बाई म्हणून कोणी मला फुंकणी देईना. ज्या दिवशी उस्तादांनी स्वतःच्या तोंडातली फुंकणी न पुसता माझ्यापुढे धरली, त्या दिवशी मी इथली झाले. मग आता तीच फुंकणी मी कशी पुसणार होते, सांग.

पण माझ्या तोंडात काय आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. तेव्हा मी शक्कल लढवली. फुंकणी पुढे देण्याआधी काहीतरी निमित्त काढायचं, तिचं तोंडाकडचं टोक भट्टीच्या झळीत धरायचं आणि मग द्यायची. आगीत काय जगतंय, असा माझा हिशेब. काही दिवस तो चालला. मग एकदा घाईत ते टोक निवलं नव्हतं आणि मीच तोंडाला लावलं. ओठ असा चरचरला की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघते तर खालच्या ओठावर टप्पोरा फोड.

हसू नकोस. तुझ्या हुशार बहिणीला ओठ भाजल्याची आठवणच राहिली नाही. फोड दिसला आणि मला वाटलं, संपलं. मी तोंडावर रुमाल बांधून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. त्यांनी दिवा धरून बघितलं आणि विचारलं, "काही गरम प्यायलात?"

"नाही."

"मग भाजलं कशाने?"

मी फुंकणीचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग चष्मा काढून पुसायला लागल्या. मला आधी वाटलं डोळ्यांत काही गेलं, पण बाई हसू दाबत होत्या. "विषाणू मारायला ओठ भाजणारा पहिला पेशंट बघतेय मी," म्हणाल्या. तरी त्यांनी फोडातलं पाणी काडीवर घेऊन तपासायला पाठवलं. त्यात हर्पिस निघाला नाही. रक्त तपासण्याबद्दल म्हणाल्या की इतक्या लवकर नव्या लागणीचं काही कळत नाही, त्याला तीनेक महिने जावे लागतात, पण आज कुठे उभ्या आहात ते बघून ठेवू.

मी तिथून निघाले ती कारखान्यात गेले. कारण तोवर तिकडे वेगळंच शिजत होतं. आमचा पहिलवान, म्हणजे फुंक मारली तर स्वतःच उडेल असा तो गडी, त्याने मला फुंकणी भाजताना पाहिलं होतं. "मुख्य झाली, आता आपलं उष्टं चालत नाही बाईला," असं तो सगळ्यांना सांगत होता. तिकडे तू, इकडे हे. दोन्हीकडे मीच शिष्ट ठरले होते, आणि तेवढंच मला सहन होत नव्हतं. आजार परवडला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाकांवर बसले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, "मला हर्पिस झालेला असू शकतो. एका माणसाबरोबर होते, त्याला आहे. अजून नक्की नाही. पण तो तोंडातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणून मी फुंकणी भाजत होते. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

डबे उघडे तसेच राहिले. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी घाणेरडं बोलणार. मी तयार होते, माझ्याही जिभेला हाड नाही.

पहिलवान म्हणाला, "म्हणजे आमच्या तोंडाला वास येतो म्हणून नव्हे?"

"नव्हे."

"मग बोलायचं ना. मी आठवडाभर रोज दोनदा दात घासून येतोय."

हसू फुटलं सगळ्यांना, पण उस्ताद हसले नाहीत. न पुसायची रीत त्यांनी सगळ्यांत कडक पाळलेली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ते जागेवरूनच म्हणाले, "आमच्या वेळच्या उस्तादांना क्षय होता. खोकायचे, रक्त पडायचं. आम्हाला सगळं कळत होतं, पण फुंकणी कोणी पुसली नाही. आमच्यातली दोन पोरं गेली." मग डबा बंद करत म्हणाले, "मला ही रीत मोडता आली नाही. आता जागा तुझी आहे. तू मोड."

मोडली. आता प्रत्येकाचं आपापलं रबरी टोक आहे. फुंकणीवर चढवायचं, फुंकायचं, काढून खिशात टाकायचं. सगळ्यांत आधी उस्तादांनी स्वतःचं चढवलं. ताई, तो दिव्याचा गोळा कोणीही फुंकला असता, दहा वर्षं घासली की येतंच. पण त्या बाकांसमोर उभं राहून ते बोलणं कोणालाही जमलं नसतं, आणि मला जमलं. मला माझा फार अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. त्या संध्याकाळचीही मला लाज वाटत नाही. चूक झाली ती गप्प बसण्याची, आणि ती मी दुरुस्त करते आहे.

रक्ताचा निकाल आला आहे, आणि तो नीट वाच, कारण तो तुझ्याही कामाचा आहे. हर्पिसचे दोन प्रकार असतात. त्या गवंड्याला आहे तो दुसरा. माझ्यात आज तो दिसत नाही, मे महिन्यात पुन्हा बघायचं. पहिला प्रकार मात्र आहे, आणि तो जुना आहे, बहुतेक लहानपणापासूनचा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाच्या ओठावर तापाचे फोड यायचे?"

मी तिथेच हसले. आईला प्रत्येक तापानंतर. तुला प्रत्येक परीक्षेच्या आधी. आठवतं, तोंडी परीक्षेला तू ओठावर मलम फासून गेली होतीस? तोच हा. बाई म्हणाल्या, निम्म्याहून जास्त जगाला असतो आणि कोणालाही त्याचं नाव माहीत नसतं.

तान्ह्या बाळाला मात्र हाही तितकाच धोक्याचा. म्हणजे ज्याच्या भीतीने मी हात मागे घेतले, तो तुझ्याच ओठात बसलेला असणार. घाबरू नकोस, नुसतं ऐक. जागरणाने, दगदगीने तुला फोड येईल. ओठ चुरचुरायला लागला की तेव्हापासून तो पुरता वाळेपर्यंत तिचा पापा घ्यायचा नाही. तोंडाला मास्क लाव, फोडाला बोट लावू नकोस, तिला घ्यायच्या आधी हात धू. दूध खुशाल पाज, छातीवर फोड नसला म्हणजे झालं. तिला ताप आला, दूध ओढेनाशी झाली किंवा अंगावर बारीक फोड दिसले तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट डॉक्टर. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या तोंडाला तोंड लावतो ते आधी बंद कर. सासूबाईंचंही. तुला सांगायला जड जात असेल तर मी सांगते, मला आता सवय झाली आहे.

मे महिन्यात काय निघेल मला माहीत नाही. दुसरा प्रकारही निघाला तर त्याच्या गोळ्या असतात. मी काच फुंकत राहीन, आणि पुढे कोणी आवडलाच तर त्याला आधी सांगेन. पण तुझ्या मुलीला घ्यायला मी मे महिन्यापर्यंत थांबणार नाही. डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं आहे. ओठ भरून आला आहे, अंगावर कुठे फोड नाही, हात स्वच्छ असले की मांडीवर घ्यायला काही हरकत नाही, फक्त पापा नको.

रविवारी सकाळी येते. तू जे बोललीस ते परत घ्यायला मी मागे सांगितलं होतं, ते राहू दे. माझी माफी तू मागू नकोस आणि तुझी मी मागणार नाही. मी हात धुऊन खुर्चीत बसेन. तू काही न बोलता तिला माझ्या हातात दे.

येते.

तिची मावशी