मुहूर्ताची शेव्हर्ले

३० ऑगस्ट २०२०, रविवार
नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नमध्ये चारचौघांसारखं जगणं आजपासून बंद. १९५७ची शेव्हर्ले बुक केली. फिकट निळी, मागे माशासारखे पर, पुढे क्रोम इतकं की त्यात बघून दाढी करावी. जाहिरात डचमध्ये लांबलचक होती, पण फोटो पुरेसे बोलके होते. पार्किंगची जागा एकच, म्हणून आमची छोटी जपानी गाडी विकून टाकली. सुचित्रा म्हणाली, बायकोला विचारायची पद्धत असते. सरप्राइज विचारून देतात का?

४ सप्टेंबर
गाडी आली. ट्रकवर चढवून आणली. अशा गाडीचा मान असतोच. विकणाऱ्याला बॉनेट उघडून काहीतरी दाखवायचं होतं. मी थांबवलं. पितृपक्ष चालू आहे. मुहूर्ताशिवाय बॉनेट नाही, चावी नाही. डच माणसाला शास्त्र कोण समजावणार? खांदे उडवून गेला.

१८ सप्टेंबर
पितृपक्ष संपला. अधिक महिना लागला. आता थेट दसराच. सुचित्राचं म्हणणं, एकदा चालू तरी करून बघ. उतावळेपणा, दुसरं काय.
वर्क फ्रॉम होम सध्या गाडीतूनच. मीटिंगमध्ये स्टिअरिंग दिसेल असा कॅमेरा लावतो. आइंडहोवनच्या माझ्या मित्राने, राजानंदने, विजेची गाडी घेतलीय. आवाज न करणारी गाडी म्हणजे काय गाडी!

६ ऑक्टोबर
सुचित्राला नोकरी लागली. माझ्या व्हिसाच्या शेपटाला धरून आली, त्याला सात वर्षं झाली. डचच्या परीक्षा, नकारांचे ढीगभर ईमेल, आणि आता रॉटरडॅमची लॉजिस्टिक्स कंपनी. ती रडली. मीही थोडा. २६ तारखेला पहिला दिवस, लॅपटॉप घ्यायला प्रत्यक्ष जायचं आहे. मी जाहीर केलं, शेव्हर्लेतून सोडणार. कोरोनात बस-ट्रेन कशाला? ती म्हणाली, आपली जपानी गाडी असती तर मीच चालवत गेले असते. मनाला लावून घेतलं नाही.

१५ ऑक्टोबर
पुन्हा अर्धं लॉकडाऊन. रस्ते मोकळे मिळणार.

२५ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ११:१०
चार चाकांखाली चार लिंबं. हळदकुंकू, नारळ, झेंडूच्या जागी शेवंती. मुहूर्तावर बॉनेट उघडलं. आत ऐसपैस जागा. एकदम स्वच्छ.
इंजिन नाही.

११:४०
सुचित्राने जाहिरात वाचून दाखवली. दुसरंच वाक्य : इंजिन नाही, लग्नाच्या फोटोंसाठी उत्तम. तिचं डच फारच सुधारलंय.

१२:३०
मागच्या बंपरच्या एका टोकाला शेजारचे विलेम, दुसऱ्या टोकाला मी. दीड मीटरचं अंतर राखून गाडी ढकलली. दोन लिंबं चिरडली. पूजा झाली असं धरायला हरकत नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळी ६:२०
सुचित्रा पहिल्या बसने निघाली. मास्क, नवी पर्स, एकटी. निरोप नीट द्यावा म्हणून मी आधीच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो होतो. तिने काचेवर टकटक केली. काच निम्मीच उतरली.
"यतीन, सात वर्षं मी अशीच बसून बाहेर बघत होते. आता तुझी पाळी."
सीट आरामशीर आहे, एवढंच मला सुचलं. फार वाईट वाटलं.
ती वळणावर पोचली तेव्हा हॉर्न दाबला. वाजला नाही.