दाराचा हिरवा रंग

मेलिसी बेट, ऑक्टोबर

प्रिय आईस,

तुझ्या असिमिनाचा नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझा गुडघा कसा आहे? बाबा अजून चोरून तंबाखू ओढतात का?

आफ्रिकेच्या किनाऱ्याला स्पंज काढायला गेलेल्या होड्या परत आल्या. धक्काभर स्पंज वाळताहेत, वासाचं तर विचारू नकोस. अथेन्सचे व्यापारीही आलेत. तुझ्या जावयाची, सारांतिसची होडी तेवढी मागे आहे. वारा उलटा आहे, दुसरं काही नाही. बाबांना उगाच सांगत बसू नकोस.

होडीचा उरलेला रंग घराच्या दाराला द्यायची इथली जुनी रीत आहे. बंदरात शिरताना जो तो चढावरच्या घरांमध्ये आधी आपलं दार शोधतो. म्हणून घरचा माणूस समुद्रावर असेपर्यंत दार दिवसा लावूनच ठेवायचं. उघडलं की रंग आत जातो. मी उकाड्यानं उघडते आणि बोलणी खाते.

आज सकाळी सासूबाई दार रंगवायला बसल्या. ईस्टरलाच रंगवलेलं, तेच हिरवं.

शेजारची थेओफानी ओरडली, "काय गं कल्लिरोई, दार पुन्हा रंगवतेस, दुसरी सून आणतेस की काय?"

"ही एकच दार सताड उघडं टाकते, दुसरी कुठं सांभाळू?" सासूबाई म्हणाल्या.

शेजारणी सगळ्या हसल्या. सासूबाईंनी मात्र रंगाचा दुसरा हात दिला, मग तिसरा.

मी आज कुणी न सांगता दार ओढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसून हे लिहितेय. इथून बंदराचं तोंड दिसतं.

तुझी,
असिमिना