डाव्या मागच्या चाकाची चाचणी

३ मार्च, सोमवार
मामा चष्म्याच्या फ्रेम्स खरेदी करायला गेले. शनिवारी येतील. गाडीची किल्ली माझ्याकडे. रोज थोडा वेळ इंजिन चालू ठेव, एवढंच सांगितलं आहे. पण माणसानं सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करावं. अलॉय व्हील्सवर ब्रेकची काळी धूळ बसली आहे. मामा येतील तेव्हा चाकं नव्यासारखी दिसली पाहिजेत. ते बोलून दाखवणार नाहीत, पण खूश होतील.
मी त्यांच्या दुकानात दिवसभर काचा पुसतो. अजून एकीवरही ओरखडा नाही. काचेपुढे चाक म्हणजे काय!

४ मार्च
व्हिडिओ पाहिले. चाक थंड असताना धुवा. मऊ ब्रश, साधा शाम्पू. तारेची घासणी नको. अ‍ॅसिड तर नकोच, वरचा पारदर्शक थर गेला की चकाकी गेली. आणि कोणतंही लिक्विड आधी दिसणार नाही अशा जागी लावून बघा. हे शेवटचं मला फार पटलं. मी तसाच माणूस आहे.

५ मार्च, संध्याकाळ
शाम्पूनं वरवरची धूळ निघाली. आऱ्यांच्या कोपऱ्यात तपकिरी डाग राहिले. बाथरूमच्या टाइल्सचं लिक्विड मामीनं दिलं नाही, मी घेतलं. बाटलीवरचं सगळं वाचलं. धातूवर वापरू नये असं होतं, पण ते नळांबद्दल असावं. डावं मागचं चाक भिंतीच्या बाजूला असतं. त्याच्या एका आऱ्यावर नखाएवढं लावलं आणि चहा घ्यायला वर गेलो. चहा गरम होता, वेळ लागला.

६ मार्च, सकाळ
पांढुरका डाग. दिसत नाही. म्हणजे वाकलं तरच दिसतो.
डागावर उपाय टूथपेस्ट. पण ती आधी शेजारच्या आऱ्यावर लावून पाहिली, नियम तो नियम. बारीक ओरखडे आले. ओरखड्यांवर दुकानातलं पॉलिश. तेही आधी तिसऱ्या आऱ्यावर.
ताई, म्हणजे मामांची मुलगी, कॉलेजला जाताना थांबली. म्हणाली, चाक धुतोयस की त्याचं फेशियल करतोयस? मी म्हटलं, धूत नाही, टेस्ट घेतोय. म्हणाली, मग वार्षिक परीक्षा कधी?

७ मार्च
चौथ्यावर लिंबू. पाचव्यावर तारेची घासणी, अगदी हलक्या हातानं. आता पाच आरे आणि पाच रंग.
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. हे चाक मी अजून एकदाही साफ केलेलं नाही. फक्त चाचण्या घेतल्या. त्यामुळे साफ करताना बिघडवलं, असं कुणालाही म्हणता येणार नाही.
गाडी भिंतीला आणखी चिकटवून लावली. मामा आले की लगेच सांगणार. दारातच.

८ मार्च
मामा आले. दारात सांगणं बरं दिसलं नसतं. दमलेल्या माणसाला सांगणं म्हणजे स्वार्थ. बॅग वर नेली, पाणी दिलं, चहा केला, पाय दाबू का विचारलं. मामी म्हणाली, ह्याच्या अंगात ताप आहे का बघा जरा.
मामांनी माझ्यासाठी शर्ट आणला आहे. अगदी मापात बसतो. निदान मापात बसायला नको होता.

९ मार्च, रविवार
मामा गाडी काढत नाहीत. चांगला दिवस.

१० मार्च
मामांनी गाडी काढली आणि चाक दिसलं. बादलीवाले काका शेजारची गाडी पुसत होते. इमारतीतल्या सगळ्या गाड्या तेच धुतात, आमचीही. मामांनी विचारलं, काय लावलंत ह्याला? काका म्हणाले, पाणी मालक, दुसरं काय लावणार? मामा म्हणाले, पाण्यानं असं होतं? जिवापाड जपलेली गाडी, वाट लावलीत तिची. उद्यापासून येऊ नका. खिडक्यांतून लोक बघायला लागले. काका माझ्याकडे बघत राहिले.
मी बोलणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे मला मामांनीच शिकवलं आहे.
काकांनी बादलीतलं पाणी झाडाला ओतलं आणि गेले. मी नवा शर्ट घातला होता. काढून ठेवला.

११ मार्च
सांगायला गेलो, मामा फोनवर. पुन्हा गेलो, गिऱ्हाईक. मामा त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, ह्याच्या हातात काच द्या आणि निश्चिंत राहा. त्यानंतर माझ्याच्यानं सांगवलं नाही.
काकांना दुसरीकडे कामं मिळाली असतील. उलट बरंच झालं असेल त्यांचं. मनाला हे नीट समजावलं. मनानं ऐकून घेतलं, मानलं नाही.
ताईनं जिन्यात अडवलं. म्हणाली, तू सांगतोस की मी सांगू? उद्यापर्यंत बघते.

१२ मार्च
सांगितलं. स्वतःहून. ताईची मुदत आजच संपत होती, हा योगायोग. छान भाषण पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की मामा, ते पाणी नव्हतं.
मामा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, चाकाचं मरू दे, पुन्हा रंगवून मिळतं. त्या माणसाला मी चारचौघांत नाही नाही ते बोललो. पाय धर, काहीही कर, त्याला घेऊन ये.
थोडक्यात, माफ केलं. उद्या काकांना आणतो. ते मनाचे मोठे आहेत, लगेच येतील.

१३ मार्च
काका मागच्या गल्लीत भेटले. बेकरीची व्हॅन धूत होते. सगळं सांगितलं. मामांना वाईट वाटतंय, बोलावलंय, असं म्हटलं. त्यांनी आधी हातातलं चाक पुसून संपवलं. मग म्हणाले, मालकांवर राग नाही माझा, त्यांना कुठे ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही तिथं उभं राहून बघत होतात. मी नाही यायचो. एवढं बोलून बादली घेऊन व्हॅनच्या पलीकडे गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते अलीकडे आले नाहीत.
मामांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.
काकांचा गैरसमज झाला आहे. मी उभा नव्हतो. पायरीवर बसलो होतो.