मुकादम डोंगर चढतो

ती. ताईस,

गळ्यातली टेप काढून, तोंडातल्या टाचण्या बशीत ठेवून, दोन्ही हात मोकळे करून केलेला नमस्कार पोचावा. तुझी पाठ आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? नव्या घराचे पडदे लागले असतील. (लागले नसतील. तू पाठवलेलं माप खिडकीचं नसून दाराचं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.) इकडे सगळं ठीक. ठीक कसलं, ताई, मी डोंगर चढून आलोय! मी! अकरा वर्षं ज्याचा रोजचा प्रवास म्हणजे घरातून दुकानात, अर्थात एक जिना, तो तुझा धाकटा भाऊ!

तुझं पत्र मिळालं. जनावरांच्या डॉक्टरांनी तुला परस्पर फोन करून मुकादमाचं वजन सहा किलोंनी वाढल्याचं कळवलं, हे काही बरं केलं नाही त्यांनी. (त्यांची पँट मी अजून अल्टर केलेली नाही, आता करणारही नाही.) त्यावर तू लिहितेस की, ‘घर लागेपर्यंत म्हणून कुत्रा दिला तुझ्याकडे, तर तू त्याची उशी करून ठेवलीस. त्याला पायही मोकळे करू देत नाहीस. रविवारी येते आणि घेऊन जाते.’ ने बाई. तुझा कुत्रा, तुझा हक्क, मी कोण अडवणारा? पण पाय मोकळे करू देत नाही हे जे लिहिलंस ना, ते लागलं मला. म्हणून मंगळवारी दुकान बंद ठेवलं, शटरवर पाटी लावली आणि सकाळी सहाच्या बसने मुकादमाला घेऊन थेट डोंगराचा पायथा गाठला. पुढचं सगळं पुरावा म्हणूनच वाच.

पायथ्याशी वनखात्याची चौकी आहे, पत्र्याच्या छपराची. तिथल्या वनरक्षकाने आम्हां दोघांकडे पाहिलं, मुकादमाकडे जरा जास्तच, आणि नकाशा पुढे केला. वर दोन फाटे फुटतात, चुकाल म्हणाला. मी हसलो. अरे, तीस वर्षं मी माणसांची मापं घेतोय, जी माणसं माप देताना पोट आत ओढतात त्यांचीसुद्धा. डोंगर बिचारा निदान श्वास तरी रोखून धरत नाही. शिवाय माझ्याकडे माझी युक्ती होती. दुकानातल्या कातरणांतल्या चांगल्या लांब वीस चिंध्या मी खिशात घालून आणल्या होत्या. थोडं चाललं की झुडपाला एक चिंधी बांधायची, येताना चिंध्या बघत बघत उतरायचं. वनरक्षक म्हणाला, ‘काका, बघा बुवा.’ त्याच्या आवाजात जे होतं त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

ताई, काय सांगू तुला ती वाट! आधी ओढा, त्यात पावलागणिक सपाट दगड. मुकादम प्रत्येक दगडावर थांबून पाणी प्यायला. मग उंच झाडी, खाली वाळक्या पानांचा इतका जाड थर की पाय टाकला की आवाज होऊन आपणच दचकावं. मग एकदम मोकळं, आणि सगळा उतार पिवळ्या फुलांनी भरलेला! मी तिथे उभा राहून मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते माझं मलाही कळलं नाही. मुकादमही भुंकला. मी पुढे चिंध्या बांधत, हा मागून रमतगमत. मध्ये मध्ये दिसेनासा व्हायचा, परत यायचा. मी बसलो की पाठीवरच्या पिशवीत नाक खुपसायचा. मला वाटलं, बिस्किटांचा वास काढतोय.

साडेअकराला माथा! खाली तळं, पलीकडे एकामागून एक डोंगर, वारा असा की टोपी हातात धरावी लागली. डोळ्यांत पाणी आलं ग. (वाऱ्याने. थोडं वाऱ्याने.) मग भूक लागली म्हणून ब्रेड आणि उकडलेली अंडी काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला चिंधी लागली. दुसरी लागली. पिशवी उपडी केली. माझ्या सगळ्या खुणा माझ्यासमोर पडल्या होत्या, आणि मुकादम बक्षिसासाठी शेपूट हलवत बसला होता.

आता तुला एक गोष्ट सांगावी लागणार. दुकानात दिवसभर खाली चिंध्या पडतात आणि मला वाकवत नाही. म्हणून मी त्याला शिकवलंय. चिंधी पडली की त्याने उचलायची, टोपलीत टाकायची, मी एक बिस्किट द्यायचं. हा हुशार गडी आठवड्यात शिकला. दिवसाला चाळीस चिंध्या सहज होतात. (वजनाचा हिशेब आता तुझा तूच कर.) डोंगरावर टोपली नव्हती, म्हणून त्याने पिशवी धरली. गाठी मी सैल मारल्या होत्या. चूक कोणाची? माझीच. बिस्किटं द्यावी लागली.

मग उतरायला लागलो आणि अर्ध्या तासात तोंडचं पाणी पळालं. सगळी झुडपं सारखी. ओढा डावीकडे हवा, तर डावीकडे कडा! दोन तास गोल गोल फिरलो. ‘बाबा रे, आता तूच काहीतरी कर,’ असं कुत्र्याला हात जोडून म्हटलं मी, खोटं कशाला बोलू? आणि खरंच तो उठून ओढायलाच लागला. पट्टा हातातून निसटेल इतका. मला आधी उमगेना, मग चिंध्या मोजल्या. एकोणीस! विसावी, लाल मखमलीची, मी फाट्यापाशी दगडावर चढून उंच फांदीला बांधली होती. ती काही त्याला काढता आली नव्हती, आणि एक जरी चिंधी राहिली तरी हा दुकानात झोपत नाही. झाडाझुडपांतून मला फरफटत नेऊन त्याने बरोबर त्या झाडाखाली उभं केलं आणि लाल चिंधीकडे बघून असा भुंकला, असा भुंकला की खालून वनरक्षक धावत आला. चौकीचं पत्र्याचं छप्पर समोरच दिसत होतं. जीव भांड्यात पडला. मी मुकादमाला मिठी मारली. मग आम्ही दोघं दिमाखात खाली उतरलो.

तर असा हा कुत्रा आणि असे त्याचे पाय. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. वनरक्षकाने काढलेला फोटो सोबत जोडलाय. मुकादम माझ्या खांद्यावर दिसतो, तो फक्त फोटोपुरता.

ता. क. २. फोटोपुरता नाही. मखमल मिळाल्यावर त्याने काम संपलं असं जाहीर करून बसकण मारली आणि शेवटपर्यंत उठला नाही. वनरक्षक नको नको म्हणत असताना मीच उचलून आणला. काल वजन केलं. त्याचं अर्धा किलो वाढलंय, माझं दोन किलो उतरलंय.

ता. क. ३. ताई, नेऊ नकोस ग त्याला. तुला वाटतं तू त्याला माझ्याकडे सोय म्हणून ठेवलंस. अकरा वर्षांत मला दुकानातल्या त्या स्टुलावरून कोणी उठवलं नव्हतं, याने उठवलं. तो गेला तर मी परत तिथेच बसेन. एवढंच लिहायचं होतं, त्याला चार पानं लागली.

ता. क. ४. इतकं वाचूनही तू रविवारी येणारच, ओळखतो मी तुला. ये. किल्ली शेजारच्या चष्मेवाल्याकडे आहे, दूध आणून ठेवतो. आम्ही मात्र पहिल्या बसने निघालेलो असू. या वेळी पलीकडचा डोंगर धरलाय, तो याहून उंच आहे. न्यायचाच असेल तर वर येऊन ने.