बिनआवाजी कम्प्युटर आणि आंब्यांची आढी

जय हनुमान प्रिंटिंग प्रेस,
कर्जत, जि. रायगड
२३ एप्रिल १९८९

सन्माननीय चांगोभाऊ यांस, मुक्काम पोशीर,

तुमच्या बहिणीचा, भागूचा, नवरा सहदेव याचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमचा धरलेला गुडघा सुटला का? सोनुबाई वहिनींचा खोकला कसा आहे? म्हैस व्याली असं भागू सांगत होती, रेडा झाला की पारडी ते काही तिला आठवेना. इकडे आम्ही खुशाल आहोत. (तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही.) तुमच्या भाचीचं, आपल्या जनीचं लग्न अठरा मे रोजी ठरल्याचं आणि मुलगा कडावचा असल्याचं तुम्हाला कळलंच असेल. भागू तुमच्याकडे दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा तुम्ही तिला जेवू घालून, हातात तांदळाची पिशवी देऊन, लग्नाला येतो म्हणून काही बोलला नाहीत, तेही मला माहीत आहे. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे शुद्ध कामाचं पत्र आहे. छपाईचं जुनं ट्रेडल मशीन पुन्हा चालू करायचं आहे आणि त्याला तेल नेमकं कुठल्या कुठल्या भोकात घालायचं ते कळवावं, एवढीच विनंती. तेव्हा फाडू नका, पुढं वाचा.

आता ट्रेडल पुन्हा का चालू करायचं, हे विचारल्याशिवाय तुम्ही तेलाचं भोक सांगणार नाही, म्हणून सगळं मुळापासून सांगतो. दिवाळीआधीचा तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी तर नाहीच विसरलो. हायवेवरच्या कारखान्याचे ते टाय लावलेले साहेब लेटरहेड छापायला आले होते, कोपऱ्यात चित्र पाहिजे, कडेला वेलबुट्टी पाहिजे. तुम्ही शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या केसपुढं उभे राहून कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवत होतात, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं जुळवलेली एकेक ओळ घसा ताणून वाचत होतात. साहेब म्हणाले, इथं काही ऐकूच येत नाही. बस्स, माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकासमोर, शुक्रा चहावाल्यासमोर, बाकावर बसलेल्या चार माणसांसमोर मी ओरडलो, की तुमच्या तोंडाचा आणि त्या मशीनचा खडखडाट ऐकून माझे कान किटले, आता असा कम्प्युटर आणतो की तो चूं करणार नाही. तुम्ही हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवलीत, एप्रन खिळ्याला अडकवलात आणि गेलात. एक शब्द बोलला असतात तर मी भांडलो असतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. तुम्ही बोलला नाहीत, तिथंच मी फसलो.

एकदा चारचौघांत बोललो म्हटल्यावर कम्प्युटर आणणं भाग आलं, आणि तो बिनआवाजीच पाहिजे, नाहीतर माझं नाक कापलं जाणार. तयार घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग निवडून जोडून घ्यायचा बेत केला. (ऑफिसचं टायपिंगही व्हावं आणि चित्रंही काढता यावीत, आणि वर स्वस्त. दुकानाचा शेठ म्हणाला, ‘और कुछ?’) मी प्रत्येक भाग बाजारात मडकं घेतो तसा निवडला, म्हणजे कानाला लावून. पंखे सात तपासले. पॉवरचा डबा कानाला लावला, पडद्याला कान लावला, फ्लॉपी आत ढकलून ऐकली. हार्ड डिस्क म्हणून एक वस्तू असते, ती बारीक शिट्टी घालते असा मला संशय आला म्हणून ती घेतलीच नाही, त्याऐवजी दोन फ्लॉप्यांवर भागवलं. मदरबोर्डला तर आवाजच नाही म्हणून मी इतका खूश झालो की शेठनं दाखवला तो पहिलाच उचलला. मराठी अक्षरांचं कार्ड घेतलं, त्यालाही आवाज नव्हता. शेठ म्हणाला, ‘भाई, कम्प्युटर ले रहे हो या बीवी देख रहे हो?’ पण मी हटलो नाही. सगळे भाग गप्प निघाले आणि मी छाती फुगवून घरी आलो.

भाऊ, त्या रस्त्यावर बसगाड्या, टॅक्स्या, हातगाड्या आणि हजार माणसं ओरडत असतात, तिथं पंखा काय, गिरणीचा भोंगासुद्धा कानाला लावला असता तरी मला गप्पच वाटला असता. कर्जतला प्रेसमध्ये आणून बटण दाबलं आणि तो भर्र करून जो सुरू झाला, की भागू स्वयंपाकघरातून विचारत आली, ‘भाताची गिरन लावली काय वो?’ फ्लॉपी फिरताना दात खाल्ल्यासारखा आवाज. इकडची लाईट कधी कमी कधी जास्त, म्हणून स्टॅबिलायझर घ्यावा लागला, तर तो पालीसारखा टकटक करायचा. चित्रांचं विचाराल तर लेटरहेडच्या कोपऱ्यात गणपती काढायला मला नऊ दिवस लागले, ठिपक्याला ठिपका जोडून, आणि सोंड निघाली ती माथेरानच्या घाटासारखी वळणावळणाची. प्रिंटर मात्र मी दुकानात ऐकायचाच विसरलो होतो. तो छापायला लागला की शुक्रा चहाची किटली तिथंच टाकून बाहेर पळायचा.

साहेब पाहायला येणार म्हणून निरोप आला, एप्रिलच्या सुरुवातीला. तेव्हा मला अक्कल सुचली. सगळ्या डब्याला भोवती भाताचा पेंढा घातला, चांगला हातभर जाड, वर दोन गोणपाटं. आवाज खरोखर बसला हो! मी तर नाचायचाच बाकी होतो. बंद केला तर पुन्हा चालू होईल की नाही याचा भरवसा नसायचा, म्हणून चार दिवस दिवसभर तसाच चालू ठेवला. जन्म भाताच्या गावात गेला, दरसाल पेंढ्यात आंबे पिकवले, पेंढा ऊब धरतो हे शेंबड्या पोराला कळतं, आणि मला ते तेवढं आठवलं नाही. भागूला आठवलं. ती मला न सांगता आत हात घालून पाहत होती आणि पेंढा छान तापलाय म्हणून तिनं परसातले तीन डझन आंबे त्यात सारले. साहेब आले त्या सकाळी आंबे पिवळे धमक झाले होते. पडद्यावर गणपती आला, थरथरला, आडवा झाला आणि गेला. काय बिघडलं ते बघावं म्हणून गोणपाट उचललं, तर आतून आधी जळका वास आला आणि मग आंब्यांचा. साहेबांनी दोन आंबे खाल्ले आणि लेटरहेड मुंबईला छापायला टाकलं.

इथपर्यंत तुम्ही हसलात तर हसा, तो तुमचा हक्कच आहे. पण पुढचं हसण्यासारखं नाही. यंत्र जळायच्या आधी त्याच्यावर मी कुंभिवलीच्या धाऊशेठच्या मुलीची पत्रिका छापली होती. कम्प्युटरची एक सोय अशी, की जुनी पत्रिका आत तशीच राहते, फक्त नावं बदलायची. मी खालापूरच्या एका लग्नाची पत्रिका काढली, नावं बदलली, तारीख बदलली, आणि मुलीच्या मामाची ओळ बदलायची राहिली. तीनशे पत्रिका गेल्या. मी त्या मनातल्या मनात चारदा वाचल्या होत्या, भाऊ, अगदी शांतपणे. प्रेसमध्ये तेव्हा पाच-सहा माणसं बसली होती, त्यातल्या कोणीही ऐकलं असतं तर म्हणाला असता, अरे धाऊचा मेव्हणा हा नव्हे. पण ऐकू येईल असं कुणी वाचलंच नव्हतं.

गेल्या रविवारी लग्न झालं. खालापूरचा गजा, ज्याचं नाव छापलं गेलं तो, धाऊशेठशी त्याचं नातं नाही गोतं नाही, पण पत्रिकेत नाव आहे म्हणजे बोलावणंच म्हणून नवी टोपी घालून हजर. मुलीच्या पाठीमागं उभा राहिला. खऱ्या मामानं पत्रिका वाचली तेव्हापासूनच तो रुसून बसला होता, तो मांडवाच्या दारापर्यंत आला, परका माणूस भाचीच्या मागं उभा पाहिला आणि तसाच माघारी फिरला. मंगलाष्टकं थांबली. धाऊशेठ अनवाणी रस्त्यापर्यंत धावत गेले, पण तो टेंपोत बसून गेला होता. ती पोरगी बोहल्यावर मान वळवून वळवून मागं बघत होती. मी पंगतीत बसलेलो, मला ते बघवेना. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी धाऊशेठ प्रेसमध्ये आले, मला वाटलं मारतील. ते नुसते बाकावर बसले आणि म्हणाले, ‘चांगो असता तर वरडून वाचला असता रं, सहदेव.’

तेव्हापासून माझ्या डोळ्यासमोर तीच पोरगी मान वळवते, आणि तिचं तोंड जनीचं असतं. मी चुकलो, भाऊ. तुमचा आवाज हाच माझा धंदा होता, एकोणीस वर्षं मी तो फुकट ऐकला आणि मला वाटलं मीच प्रेस चालवतोय. मी तुम्हाला चारचौघांत बोललो, तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला पाहिजे. म्हणून हात जोडून सांगतो, हे पत्र एकट्यानं वाचू नका. पोशीरच्या दुकानापुढं चार माणसं बसवा आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात वाचा, आढीच्या प्रकरणासकट. मग तेलाचं काय ते कळवा.

तुमचा,
सहदेव

ता. क. : तेलाचं भोक मला माहीत आहे. पाच आहेत. एकोणीस वर्षं तुम्हाला तेल घालताना रोज पाहिलंय. पत्र सुरू करायला काहीतरी कारण पाहिजे होतं.

ता. क. दुसरा : जनीची पत्रिका अजून छापलेली नाही. लग्नाला पंचवीस दिवस राहिले, व्याही रोज विचारतात. जनी म्हणते, मामा जुळवील आणि मामा वाचील तेव्हाच छापायची, नायतर तोंडानं आमंत्रण द्या. काल मी स्वतः स्टिक हातात घेतली आणि दुपारभर खपून एकच ओळ जुळवली, तिचं प्रूफ सोबत आहे : ‘मुलीचे मामा : श्री. चांगो हिरू ठोंबरे, पोशीर.’ त्यात ‘ठों’चा खिळा उलटा पडलाय, तो काही केल्या मला निघत नाही. तेवढा येऊन काढून द्यावा. सोबत आंबे पाठवले आहेत, ते साध्या पेंढ्यातले आहेत.

ता. क. तिसरा, भागूच्या हातचा : दादा, खिला ह्यांनी मुद्दाम उलटा ठेवलाय. मी बगितलंय, सुलट व्हता, काढून परत उलटा लावला. आनि रोज सांजच्याला प्रेसमदी एकलेच जुन्या पत्रिका वरडून वाचत बसतान, सुक्रा पन हसतो त्यांना. तुझा एप्रन मी धुवून परत खिल्याला लावलाय. ये रं दादा.