मांडणीसमोर

सोमवार, ३ जून
आज कामावर रुजू झाले! रुग्णालयांच्या चादरी धुणारा कारखाना आहे. आत शिरलं की साबणाची गरम वाफ अंगावर येते, तरी जागा मला आवडली. प्रत्येक चादरीच्या काठात नखाएवढी चिप शिवलेली असते. तिला बॅटरी लागत नाही. रीडरने रेडिओलहरी सोडल्या की ती आपला नंबर कळवते. धुतलेल्या चादरींच्या कोठीत एका भिंतीला उंच मांडणी, समोरच्या भिंतीवर रीडर, आणि कोठीबाहेर, काचेअलीकडे माझं टेबल. पडद्यावर प्रत्येक चादरीचा एक हिरवा चौकोन. पूर्वी चादर हरवली की घड्या घालणाऱ्या बायकांवर आळ यायचा. आता यंत्र खरं तेच सांगेल. फोनवर हे ऐकून बाबा म्हणाले, चादरी मोजायला कॉलेज लागतं होय? पण शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. घरातली पहिली पदवीधर मी. त्यांनी तरी दुसरं काय मिरवावं?

बुधवार, ५ जून
घड्या घालणाऱ्यांत सगळ्यांत थोरल्या त्या घडीमावशी. मला दिवसभर उभी पाहून म्हणाल्या, पदवीबाई, पाय आळीपाळीने टेकव, नाहीतर संध्याकाळी ते तुझ्याबरोबर घरी यायचे नाहीत. खरंच आले नाहीत. खोलीचा जिना बसत बसत चढले.
रीडर बसवणारा आज येऊन गेला. वाचन चालू असताना मांडणीसमोर थांबू नका, असं त्याने बजावलं. पाणी या लहरी गिळतं, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. मध्ये कोणी असलं की मागच्या चादरी वाचल्या जात नाहीत, त्यांचे चौकोन करडे दिसतात. मावशी मुद्दाम जाऊन उभ्या राहिल्या आणि पडद्यावर उमटलेल्या आपल्या करड्या आकाराला म्हणाल्या, अगं बाई, एवढी सुटलेय मी?

सोमवार, १० जून
काही चादरी वाचल्या जात नाहीत. नियमाप्रमाणे त्या गहाळ म्हणून कळवल्या. दुपारी साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं, कारण कोठीची किल्ली त्यांच्याकडे असते. शुक्रवारच्या वाचनात चादरी पुऱ्या भरल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यापासून येऊ नका, असं सुनावलं. मावशी परत आल्या आणि खाली मान घालून घड्या घालत बसल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. कळवलं मीच होतं.

मंगळवार, ११ जून
जेवणाच्या सुट्टीत कोठीत जाऊन एकेका चादरीला हात लावून पाहिलं. सगळ्या जागच्या जागी आहेत. कोरड्या, घडीही न मोडलेल्या. धावत साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मावशींनी घाबरून आणून ठेवल्या असतील. यंत्राचे गोडवे तुम्हीच गात होतात ना मॅडम?
पुन्हा वाचन घेतलं. त्याच चादरी पुन्हा करड्या.
जेवायचाही कंटाळा आला. तशीच आडवी पडले.

बुधवार, १२ जून
आज करडे चौकोन मोजले नाहीत, नुसते पाहिले. वर अरुंद. मग खांद्यांसारखं रुंद. मग खालपर्यंत सरळ.
काचेतून कोठीत पाहिलं. कोणी नव्हतं.
रीडर बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, कोणीतरी मध्ये उभं राहत असेल, त्याला बाजूला व्हायला सांगा.
कोणाला सांगू?

गुरुवार, १३ जून
टेबल डावीकडे ओढलं. आकार डावीकडे आला. उजवीकडे ओढलं — तिकडेही आला. मी जिथे असेन तिथे, माझ्यासमोर.
घरी निघून जावंसं वाटलं. कुठलंही दुसरं काम. पण मावशी आज आपणहून बोलल्या. म्हणाल्या, जाऊ दे गं पोरी, नाहीतरी कंबर गेलीच आहे, तू तुझी नोकरी सांभाळ. आणि माझ्या डब्यात आपली अर्धी भाकरी ठेवली.
मांडणी संपते तिथे कोठीत एक रिकामा कोपरा आहे. उद्या वाचनाच्या वेळी मी तिथे उभी राहीन. ते माझ्याकडे येईल. मांडणी मोकळी होईल.
रीडरसाठी एवढं पुरे. माझं काय, ते आता सुचत नाही. फार झोप येते.

शुक्रवार, १४ जून
कोपऱ्यात उभी आहे. वही बरोबर आणली — जे होईल ते लिहून ठेवायला. काचेपलीकडे वाचनाच्या बटणापाशी मावशी, मागे साहेब. कोठीचं दार उघडं, बोलणं ऐकू येतंय.

गारठा. समोरून.

वाचन झालं. सगळे हिरवे. साहेबांनी पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा सगळे हिरवे. साहेब मावशींना म्हणाले, सोमवारी वेळेवर या.
मावशी राहिल्या!

मावशी हसतायत. पदवीबाई कुठे गेली म्हणून विचारतायत — काचेतून सरळ माझ्याकडे बघून —

हात हलवला.

साहेब म्हणतायत, गेली असेल घरी, कुलूप लावा.

पान ओलं होतंय. पेन नीट उठत नाही.

मावशी किल्ली घेऊन दारात आल्या. हाक मारतायत. मी ओ देतेय — जीव खाऊन देतेय — पण आमच्या मध्ये —