शेवटच्या कडव्यातलं नाव

वारंगा फाटा,
२० ऑगस्ट

प्रिय राणी,

बाबांचं नाव गीतकार म्हणून लावण्याचा तुझा तिसरा अर्जही परत आला. गाण्यांची रॉयल्टी वाटणाऱ्या संस्थेचं म्हणणं तेच. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात उकंडराव हे नाव येतं, म्हणून गीतकार उकंडराव. वारस, त्यांचा नातू. म्हणजे मी. फोनवरची बाई म्हणाली, "सर, गाना खुद बोल रहा है, और क्या प्रूफ चाहिए?" गायन पार्टीत शिष्याने लिहिलं, चाल बांधली, तरी शेवटच्या कडव्यात नावाची छाप उस्तादाची पडते, हे तुला सांगायला नको. तिला सांगताना मात्र मी अडखळलो. ती म्हणाली, फॉर्ममध्ये असा रकाना नाही.

आजोबा शहाऐंशीला गेले. नामांतराचं गाणं चौऱ्याण्णवचं. संस्थेच्या एकाच पानावर गाण्याचं वर्ष आहे आणि आजोबांच्या मृत्यूची तारीखही आहे. वारस म्हणून अर्ज केला तेव्हा मृत्यूचा दाखला मीच जोडला होता. मेलेल्या माणसाने आठ वर्षांनी नामांतराचा आनंद लिहिला, आणि त्या पानावर तीन सह्या झाल्या. एकालाही काही खटकलं नाही.

ते गाणं काकांनी, तुझ्या बाबांनी, आपल्यासमोर लिहिलं. रक्ताचे नव्हेत, पण आजोबांचे शिष्य. बाळापूरहून कळमनुरीला जाणाऱ्या टेम्पोत. तू पेटीच्या खोक्यावर बसली होतीस, काका खताच्या पिशवीवर कागद ठेवून लिहीत होते. खड्डा आला की अक्षर उडायचं आणि ते ड्रायव्हरला शिवी द्यायचे. शेवटच्या ओळीत त्यांनी न थांबता आजोबांचं नाव घातलं. तू विचारलंस, "बाबा, आजोबा तर गेले. मंग त्यायचं नाव काहून?" काका म्हणाले, "पार्टी त्यायची हाय. मानूस गेला म्हनून छाप जात न्हाई." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आजोबांचा, काकांचा नाही.

यंदाच्या जयंतीला डीजेवर तेच लागलं. काकांचा आवाज आता फुटत नाही, घशातून फक्त वारा येतो. खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या पोराला हळूच म्हणाले, "उस्तादाचं गानं लागलं." पोरगं मोबाइलमध्ये बघून म्हणालं, "व्हय आजोबा, इथं पन तसंच लिवलंय." काका खूश झाले. मी उठून दुकानात आलो.

दुकानाबद्दल तू दर फोनला विचारतेस. बरं चाललंय. नवं झेरॉक्स मशीन घेतलं होतं, फाट्यावर दुसऱ्या कुणाकडे तसलं नाही. ते संस्थेच्या पहिल्या रकमेतून आलं. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी गोंधळलो नव्हतो. ही रक्कम कुणाची, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तुझे तिन्ही अर्ज मी त्याच मशीनवर काढले. तू लातूरहून ड्युटी संपवून फोन करायचीस, "पैसे राहू दे प्रमोद, बाबा हायेत तोवर त्यायचं नाव लागू दे," म्हणायचीस. मी म्हणायचो, हो. तुझ्याकडून प्रत्येक पानाचे दोन रुपयेही घेतले. संशय येऊ नये म्हणून.

अर्ज परत येण्याचं खरं कारण छाप नाही. तुझ्या पहिल्या अर्जानंतर संस्थेने मला विचारलं होतं, दुसरा कुणी दावेदार आहे का. मी कागद टाइप केला आणि काकांकडे गेलो. या गाण्यांवर माझा कसलाही हक्क नाही, असं त्यात काकांच्या नावाने होतं. मी सांगितलं, काका, गाणं वाजत राहावं म्हणून सही लागते. चष्मा कोनाड्यात होता. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. म्हणाले, "उस्तादाच्या नातवाला न्हाई म्हनू व्हय?" मग काकूंना चहा टाकायला सांगितला. तो मी प्यालो. संस्थेला मी दोन वर्षं शिव्या देतोय. ती आंधळी आहे. मला दिसत होतं.

परवा काकांनी नवं गाणं पाठवलं. कित्येक वर्षांनी लिहिलंय, अक्षर थरथरतं. शेवटच्या कडव्यात आजोबांचं नाव नाही. माझं आहे. उस्तादाच्या गादीवर आता मी, म्हणून छाप माझी. मी ते वाचलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. म्हणून हे पत्र. सोबत त्या कागदाची प्रत आहे, आणि सही कशी घेतली ते सांगणारं माझं प्रतिज्ञापत्र. एक प्रत आज संस्थेला गेली. मशीन विकलंय, ती रक्कम काकांच्या खात्यात भरली. बाकीचीही भरीन. नव्या गाण्याचा कागदही पाठवतोय. माझं नाव मी खोडलेलं नाही. तू गावी ये, काकांना चष्मा लाव, हे सगळं वाचून दाखव. मग ते नाव त्यांनीच खोडावं.

खाली ‘तुझाच’ असं लिहायला हात धजत नाही.

प्रमोद